सोलॅनम पेनेली (एलए ०७१६): उगवण विरळ, रोपं बुडातून बसतात, संकर एकाच बाजूने लागतो. कारण काय?

वाफा_आणि_वाण

नमस्कार मंडळी. पीक पैदाशीच्या कामासाठी सोलॅनम पेनेली या रानटी टोमॅटोची एलए ०७१६ ही नोंद (बीसंग्रहातला क्रमांक दिलेला नमुना) पॉलिहाऊसमध्ये लावली आहे, नाशिक जिल्ह्यात. पांढरी माशी पानावर बसूच नये, हा पहिला हेतू. जमलं तर पाण्याचा ताण सोसणारी ओळही हवी आहे.

बी नेहमीच्या टोमॅटोसारखं कोकोपीटच्या ट्रेमध्ये टाकलं, तर उगवण अगदी विरळ आणि मागेपुढे झाली. उगवलेली रोपं तीन-चार पानांवर आली की बुडाशी काळी पडतात आणि बसतात. पाणी आणि खत बाकीच्या टोमॅटोच्याच लाइनवर आहे. जगलेल्या झाडांच्या फुलांना आपल्या वाणाचे परागकण लावले तर एकही फळ धरत नाही, उलट केलं तर धरतं. शिवाय पेनेलीचं फळ हिरवंच राहतं, मग बी काढायची वेळ ओळखायची कशी? आणि एफ१, म्हणजे संकराची पहिली पिढी, हातात आल्यावर पुढचे बॅकक्रॉस, म्हणजे टोमॅटोशी पुन्हा पुन्हा संकर, कसे आखायचे? नक्की आकडे आणि कृती सांगितलीत तर फार मदत होईल.

---

कातळफूल

उगवण आणि मर यांचं उत्तर या झाडाच्या मूळ जागेत आहे. पेनेली पेरूच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या आणि अँडीजच्या उतारावरच्या वाळूत, दगडगोट्यांत वाढते. तुमची एलए ०७१६ ही नोंद दक्षिण पेरूतल्या अरेकिपा भागात, आतिको इथे गोळा केलेली आहे. त्या पट्ट्यात पाऊस जवळपास पडतच नाही. हिवाळ्यात समुद्राकडून येणारं दाट धुकं असतं, त्याला तिकडे गरुआ म्हणतात. अशा ठिकाणच्या या झाडाचा मुळांचा पसारा लहान असतो. आत घेतलेलं पाणी धरून ठेवण्यात पान पटाईत आहे, मुळाला मात्र सतत ओलं राहणं झेपत नाही. कायम ओलं कोकोपीट आणि रोजचं ड्रिप म्हणजे मूळकुज ठरलेलीच.

आधी बी. घरगुती ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण घ्या आणि बाटलीवरची टक्केवारी वाचा. साधारण ५.४ टक्क्यांचं असेल तर तितकंच पाणी मिसळून ते २.७ टक्क्यांवर आणा. त्यात बी ३० मिनिटं ठेवा, मधूनमधून हलवा. मग चहाच्या गाळणीत घेऊन नळाच्या वाहत्या पाण्याखाली ब्लीचचा वास पूर्ण जाईपर्यंत धुवा. याने बियांचं कवच पातळ होतं आणि वर चिकटलेले रोगजंतूही जातात. नंतर झाकणाच्या डबीत ओलसर ब्लॉटिंग पेपरवर बी पसरून २५ अंशांच्या आसपास ठेवा. कागद ओला असावा, पण डबी तिरकी केली तर पाणी वाहता कामा नये.

इथे बिघडतं ते असं. ब्लीचची बाटली जुनी आणि उघडी राहिलेली असेल तर तिचा जोर गेलेला असतो, मग ३० मिनिटांचा काही उपयोग होत नाही. धुणं कमी पडलं तर मोड बाहेर येतो पण मुळाचं टोक तपकिरी होऊन थांबतं. काही रोपांच्या बीजदलांवर कवचाची टोपी अडकून राहते. ती ओढून काढू नका, पाण्याचा एक थेंब ठेवा आणि तासाभराने चिमट्याने अलगद सरकवा.

मूळ सेंटीमीटरभर झालं की रोप हलवा. माध्यमात दोन भाग जाड धुतलेली वाळू, एक भाग परलाइट आणि एक भाग कोकोपीट. कुंडी चार इंची, त्याहून मोठी नको. मोठ्या पिशवीत वरचा थर सुकलेला दिसतो आणि तळ ओला राहतो, तिथेच मूळ सडतं. वरचे दोन-तीन सेंटीमीटर कोरडे झाल्यावरच सकाळी, बुडाशी पाणी द्या. खत इतर टोमॅटोच्या चौथाईने पुरे. या कुंड्या सामायिक ड्रिपवरून आजच काढा आणि फॉगरपासून लांब ठेवा. माती ओली असताना झाड मलूल दिसलं तर पाणी वाढवू नका, ती मुळं गुदमरल्याची खूण आहे. नेमकं उलट वाचून लोक अजून पाणी घालतात आणि झाड जातं.

मूळकुज आवरत नसेल तर पेनेलीचा शेंडा टोमॅटोच्या खुंटावर कलम करा. जुळणी चांगली होते, आणि मग खुंट टोमॅटोचा असल्याने पाण्याचं गणित थोडं सैल चालतं. फाटे तोडून लावायच्या भानगडीत पडू नका, त्यांना मुळं सुटायला फार त्रास होतो.

---

परागनळी

संकर एकाच बाजूने लागतो यात तुमच्या हाताचा दोष नाही. याला एकतर्फी विसंगती म्हणतात आणि टोमॅटोच्या रानटी नातलगांत ती सर्रास दिसते. पेनेलीच्या कुक्षीवर, म्हणजे स्त्रीकेसराच्या टोकावर, आपल्या टोमॅटोचे परागकण रुजतात, परागनळी त्याखालच्या दांड्यात, म्हणजे कुक्षीवृंतात, थोडी उतरते आणि तिथेच अडते. बीजांडापर्यंत पोचतच नाही. आपल्या टोमॅटोच्या कुक्षीवृंतात असा अडसर नाही, म्हणून पेनेलीचे परागकण खाली पोचतात. तेव्हा नियम एकच: मादी टोमॅटो, नर पेनेली.

आता थोडं खोलात. पेनेलीच्या बहुतेक नोंदी स्व-विसंगत आहेत, म्हणजे स्वतःच्या परागकणांनी फळ धरत नाहीत. एलए ०७१६ हा अपवाद, ती स्वपरागित होते आणि म्हणूनच जगभरच्या प्रयोगशाळांत तीच पोचली. स्व-विसंगतीसाठी कुक्षीवृंतात लागणारं एस-आरएनएज हे एन्झाइम या नोंदीत सापडत नाही, तरीही ती टोमॅटोचे परागकण नाकारतेच. म्हणजे नाकारण्याची एकाहून जास्त यंत्रणा आहे. परागकणाच्या बाजूने तो अडसर ओलांडायला लागणारे घटक गुणसूत्र १ आणि ६ वर आहेत. सहाव्यावरचा यूआय ६.१ हा घटक कलिन-१ नावाचं प्रथिन तयार करणारं जनुक आहे.

याचा तुमच्या कामाशी थेट संबंध आहे, कारण हा नाकारण्याचा गुण एफ१ मध्येही उतरतो. एफ१ च्या फुलावर टोमॅटोचे परागकण लावून बॅकक्रॉस करायला गेलात तर पुन्हा भोपळाच. बॅकक्रॉसलाही मादी टोमॅटोच ठेवा आणि परागकण एफ१ चे घ्या. एफ१ स्वतःवर सोडून एफ२, म्हणजे दुसरी पिढी, मिळते, पण तिथे परागकणांची चाळणी होते. गुणसूत्र १ आणि ६ च्या त्या भागात पेनेलीची बाजू १:२:१ या अपेक्षित प्रमाणापेक्षा जास्त दिसली तर मार्करवर (जागा ओळखायच्या डीएनए-खुणेवर) शंका घेऊ नका.

प्रत्यक्ष कृती अशी. टोमॅटोची कळी उमलायच्या आदल्या दिवशीची निवडा, पाकळ्या फिक्या पिवळ्या आणि मिटलेल्या असताना. टोकदार चिमट्याने परागकोषांचा शंकू पूर्ण काढा, कुक्षीवृंताला धक्का न लावता. त्याच गुच्छातली उमललेली फुलं आणि बारीक कळ्या खुडून टाका. पेनेलीचे परागकण सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान गोळा करा. बॅटरीवर चालणाऱ्या टूथब्रशची मागची बाजू फुलाच्या देठाला टेकवा आणि फुलाखाली रिकामी कॅप्सूल धरा. परागकण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी कुक्षीला लावा. साठवायचेच असतील तर सिलिका जेलसोबत घट्ट डबीत, फ्रीजमध्ये. बाहेर ठेवलेले दमट परागकण गोळा होतात आणि लवकर मरतात.

रात्रीचं तापमान १५ ते २१ अंश असेल तेव्हाच मोठा कार्यक्रम घ्या. दिवसा पारा ३५ च्या वर गेला की टोमॅटोची कुक्षी आणि परागकण दोन्ही साथ सोडतात. नाशिकला नोव्हेंबर ते फेब्रुवारीत दिवसाचा हा त्रास नसतो, पण रात्रीचा पारा १५ च्या खाली जातो, म्हणून पॉलिहाऊसमधलं रात्रीचं तापमान पाहूनच दिवस ठरवा.

---

वाफा_आणि_वाण

कातळफूल, परागनळी, दोघांचे मनापासून आभार. कुंड्या ड्रिपवरून काढल्या. अजून दोन शंका. टोमॅटो मादी ठेवून मिळालेल्या रोपांची पानं पेनेलीइतकी चिकट नाहीत. मग हा खरा संकर आहे की इमॅस्क्युलेशनमध्ये (पुंकेसर काढताना) स्वपराग राहून गेला? आणि ज्याचं फळ कधी लालच होत नाही त्याचा आपल्या टोमॅटोच्या फळाला काय फायदा?

---

रानवांगे

आधी ओळख पटवू. पेनेलीच्या पर्णिका गोलसर आणि संख्येने कमी असतात, पान जाडसर, दोन्ही बाजूंनी केसाळ आणि हाताला डिंकासारखं चिकट. फुलांच्या दांडीवर छोट्या पानासारखी सहपत्रं असतात, ती आपल्या टोमॅटोच्या गुच्छात दिसत नाहीत. तुमच्या रोपांत पर्णिका गोलाईकडे झुकलेल्या आणि गुच्छावर सहपत्रं असतील तर संकर असल्याची चांगली शक्यता आहे. चिकटपणावरून निकाल देऊ नका, एफ१ मध्ये तो पेनेलीपेक्षा कमी झालेलाच असतो. खात्रीसाठी दोन्ही पालकांत वेगळा आकार देणारे दोन-तीन इनडेल मार्कर (डीएनएच्या लांबीतल्या फरकाच्या खुणा) चालवा. दोन पट्ट्या दिसल्या तर संकर, एकट्या टोमॅटोची दिसली तर स्वपराग. झाड मोठं होईपर्यंत थांबायची गरज नाही.

फुलाचं एक वैशिष्ट्य सांगण्यासारखं आहे. टोमॅटोच्या परागकोषांना पुढे निमुळतं वांझ टोक असतं आणि ते आतल्या बाजूने उभे फाटतात. पेनेलीत ते टोक नाही, परागकण टोकाच्या छिद्रातून बाहेर पडतात, वांग्या-बटाट्यासारखे. याच कारणाने १९५८ मध्ये कॉरेल यांनी या झाडाचं वर्णन केलं तेव्हा ते टोमॅटोच्या तेव्हाच्या लायकोपर्सिकॉन प्रजातीत न घालता सोलॅनममध्ये घातलं. १९८२ मध्ये ते लायकोपर्सिकॉनमध्ये हलवलं गेलं आणि पुढे सगळा टोमॅटोच सोलॅनममध्ये आला. शेतात याचा अर्थ इतकाच की फूल हलल्याशिवाय परागकण पडत नाहीत. पेनेलीचं स्वतःचं बी वाढवायचं असेल तर रोज सकाळी फुलांना टिचकी मारा किंवा तोच टूथब्रश टेकवा. पॉलिहाऊसमध्ये वारा नाही आणि फुलं थरथरवणाऱ्या मधमाश्याही नाहीत.

फळ एक-दीड सेंटीमीटरचं, केसाळ, पिकलं तरी हिरवं. रंगाची वाट पाहू नका. बोटात धरून मऊ लागलं किंवा हलक्या स्पर्शाने गळलं की काढा. प्रत्येक गुच्छाला परागीभवनाच्या तारखेची चिठ्ठी बांधा आणि साधारण दोन महिने झाल्यावर तपासायला लागा. गर पिळून एक दिवस आंबवा, धुवा, मग १० टक्के ट्रायसोडियम फॉस्फेटमध्ये १५ ते ३० मिनिटं बुडवून पुन्हा धुवा आणि सावलीत सुकवा. टोमॅटोवरचे मोझॅक गटातले विषाणू बियाच्या वर चिकटून येतात, त्यांच्यासाठी हा उपाय आहे.

आता लाल रंगाबद्दल. टोमॅटोच्या फळात रंगद्रव्याच्या साखळीचं पहिलं पाऊल पीएसवाय१ हे जनुक उचलतं, ते गुणसूत्र ३ वर आहे. पेनेलीचा हा तुकडा एकट्याने टोमॅटोत आणला तर फळ पिवळं होतं. गुणसूत्र ६ वरचा बीटा तुकडा आणला तर बीटा-कॅरोटीन साठून फळ नारिंगी होतं, म्हणजे हिरव्या फळाच्या झाडाने दिलेलं अ जीवनसत्त्वाचं भांडारच. गुणसूत्र १२ वरच्या डेल्टानेही फळ नारिंगी होतं, पण तिथे साठतं ते डेल्टा-कॅरोटीन.

साखरेचं उदाहरण तर याहून बोलकं. गुणसूत्र ९ वर पेनेलीचा ब्रिक्स ९-२-५ नावाचा तुकडा आहे. तो शोधत शोधत संशोधक झामीर यांचा गट २००० मध्ये अवघ्या ४८४ बेस जोड्यांपर्यंत (डीएनएच्या अक्षरांपर्यंत) पोचला. तो तुकडा लिन५ या इन्व्हर्टेज एन्झाइमच्या जनुकात निघाला. फळात येणारी सुक्रोज फोडणारं हे एन्झाइम पेनेलीत एका अमिनो आम्लाच्या फरकाने जास्त कार्यक्षम आहे, त्यामुळे फळातली विद्राव्य घनद्रव्यं वाढतात. सॉस-प्युरीच्या टोमॅटोत यालाच किंमत. फळाचा आकार ठरवणारं एफडब्ल्यू २.२ हे जनुकही २००० मध्येच, पेनेलीच्या लहान फळाच्या बाजूचा वापर करून वेगळं केलं गेलं. झाडाकडे नुसतं पाहून त्यात काय दडलंय हे कळत नाही. तुकडा टोमॅटोत आणून फळ चाखावं लागतं.

---

मार्करवाला

बॅकक्रॉसच्या आखणीबद्दल. सरासरीने बॅकक्रॉस १ मध्ये पेनेलीचा वाटा २५ टक्के, २ मध्ये १२.५, ३ मध्ये ६.२५ आणि ४ मध्ये ३ टक्क्यांच्या आसपास. कागदावर छान दिसतं. पण हा हिशेब तुम्ही न निवडलेल्या भागांचा आहे. निवडलेल्या जनुकाच्या दोन्ही बाजूंना रानटी गुणसूत्राचा लांब तुकडा चिकटून येतो आणि तो पिढ्यान् पिढ्या सुटत नाही. डोळ्यांनी निवड केली तर चौथ्या बॅकक्रॉसनंतरही तिथे बरंच काही शिल्लक असतं.

गुणसूत्र ७ वरचं आय-३ हे जनुक घ्या. फ्युजेरियम मर रोगाच्या तिसऱ्या वंशाविरुद्धची ही ताकद एलए ०७१६ मधूनच आली. तिच्यासोबत आलेल्या लांब तुकड्याने फळ लहान केलं आणि जिवाणूजन्य ठिपके वाढवले. तुकडा छाटल्यावर तो त्रास कमी झाला.

म्हणून जनुकाच्या दोन्ही बाजूंना ५-५ सेंटीमॉर्गनवर (एक सेंटीमॉर्गन म्हणजे एका पिढीत तुटण्याची साधारण एक टक्का शक्यता) मार्कर ठेवा आणि एका पिढीत एकच बाजू तोडा. एका बाजूला तुटलेलं झाड मिळण्याची शक्यता ५ टक्के. असं निदान एक झाड ९५ टक्के खात्रीने हवं असेल तर जनुक असलेली ५९ झाडं तपासावी लागतात, म्हणजे बॅकक्रॉसची १२० च्या आसपास रोपं. पुढच्या पिढीत दुसरी बाजू, तितकीच रोपं. दोन्ही बाजू एकाच पिढीत तोडायचा हट्ट धरलात तर जनुक असलेली जवळपास १,२०० झाडं लागतील. गुणसूत्राच्या मध्यबिंदूजवळ आणि रानटी तुकड्याच्या आत तुटणं आणखी दुर्मीळ, तिथे आकडा दुप्पट धरा. रोपं ट्रेमध्ये असतानाच पानाचा छोटा तुकडा घेऊन मार्कर चालवा, नको असलेली रोपं कुंडीत जाताच कामा नयेत.

माझं स्पष्ट मत विचाराल तर रानटी झाडापासून सुरुवात करूच नका. एशेद आणि झामीर यांनी १९९० च्या दशकात एम८२ या टोमॅटोत एलए ०७१६ चे तुकडे एकेक करून घातले. एका ओळीत एकच तुकडा, बाकी सगळं एम८२. आधी ५० ओळी होत्या, पुढे त्या ७६ झाल्या. या ओळी टोमॅटोसारख्याच वाढतात, बहुतेक ओळींत संकर दोन्ही बाजूंनी लागतो, आणि कोणत्या तुकड्याने काय होतं याची नोंद आधीच आहे. त्यात पेनेलीचा जनुकसंच २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. २४ गुणसूत्रं टोमॅटोइतकीच, जुळवलेला क्रम सुमारे ९४ कोटी बेसचा. त्यामुळे हव्या त्या जागी मार्कर घरबसल्या आखता येतात.

पांढऱ्या माशीचं मात्र एका तुकड्याने भागणार नाही. पेनेलीच्या पानावरचा चिकटा म्हणजे असाइल शर्करा, चौथ्या प्रकारच्या ग्रंथीकेसांच्या (रस सोडणाऱ्या सूक्ष्म केसांच्या) टोकावर साठलेली. एलए ०७१६ मध्ये पानाच्या कोरड्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत ती असू शकते. केस, एन्झाइमं आणि प्रमाण ठरवणारी जनुकं वेगवेगळ्या गुणसूत्रांवर विखुरलेली आहेत. कॉर्नेल विद्यापीठाने अनेक तुकडे एकत्र करून सीयू०७१०२६ ही ओळ तयार केली, तशी ओळ दाता म्हणून मिळवणं हा शहाणपणाचा रस्ता. आणि एक सावधगिरी: चौथ्या प्रकारचे केस आपल्या टोमॅटोच्याही दलांवर आणि पहिल्या पानांवर असतात, मोठ्या पानांवर नसतात. रोपावस्थेत केस मोजून निवड केलीत तर फसाल. सहाव्या-सातव्या पानानंतरची पर्णिका घ्या आणि स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली खालची बाजू मोजा.

---

कोरडवाहू

मार्करवाल्यांशी सहमत, एक भर आणि एक वेगळं मत.

भर अशी की माशी कमी बसली तरी, माशीने पसरणाऱ्या लीफ कर्ल या विषाणू रोगाला रोखणारी जनुकं (टीवाय) सोडू नका. रोज थोड्या माश्या बाहेरून येणारच. टीवाय-२ हे जनुक सोलॅनम हॅब्रोकायटिसमधून भारतातच टोमॅटोत आणलं गेलं, कल्लू आणि बॅनर्जी यांनी १९९० मध्ये ते काम प्रसिद्ध केलं आणि एच-२४ ही ओळ त्यातूनच. टीवाय-१ आणि टीवाय-३ सोलॅनम चिलेन्सेमधून आली. चिकट पान माशीला अडवतं, टीवाय जनुकं विषाणूला अडवतात. दोन्ही एकाच वाणात असतील तर विषाणूला तोंड द्यायला वेळ मिळतो.

वेगळं मत ताणाबद्दल. पेनेली कमी पाण्यात जगते, पण सावकाश वाढून. १९८९ मध्ये टोमॅटो आणि पेनेलीच्या संकरात पाण्याच्या कार्यक्षम वापराशी जोडलेले तीन मार्कर दाखवले गेले, म्हणजे गुण अनुवंशिक आहे यात वाद नाही. पण तो एका जनुकाचा नाही आणि जगणं म्हणजे उत्पन्न नव्हे. तुमच्या हेतूंत ताण दुसरा आहे, तो दुसराच ठेवा. तपासायचाच असेल तर कुंडीत नको. लहान कुंडीत हळू वाढणारं झाड पाणी हळू संपवतं आणि उगाच सहनशील ठरतं. शेतात, पूर्ण भिजवण आणि निम्मी भिजवण अशा दोन वाफ्यांत, शेवटी तोडणीचं वजन मोजा.

बियाण्याबाबत: या ओळी आणि एलए नोंदी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या टोमॅटो जनुक संसाधन केंद्रातून संशोधनासाठी मिळतात. चार्ल्स रिक यांनी उभा केलेला हा संग्रह. मागणी करण्याआधी दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोकडून आयात परवाना काढा, पाकीट तिथल्या क्वारंटाइनमधूनच तुमच्याकडे येईल. सोबत, बी जिथून निघालं त्या देशाचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. कुणाच्या बॅगेतून चार बिया मागवायचा विचार अजिबात नको. टोमॅटोवरचा एखादा नवा विषाणू पिंपळगाव-नारायणगावच्या पट्ट्यात शिरला तर तो परत काढता येत नाही.

---

वाफा_आणि_वाण

समजलं. आहे ती एलए ०७१६ वाळूच्या कुंड्यांत फक्त बी वाढवायला ठेवतो, आणि संस्थेमार्फत तुकड्यांच्या ओळी व असाइल शर्करेची दाता ओळ यांच्यासाठी परवान्याचा अर्ज टाकतो. मार्करवाला, एक विचारायचं राहिलं: चिकट पानाच्या ओळीत टीवाय-२ घालताना मादी-नराची बाजू पुन्हा पाहावी लागेल का?

---

मार्करवाला

दाता ओळीत गुणसूत्र १ किंवा ६ वर पेनेलीचा तुकडा आहे का ते आधी बघा. कुक्षीवृंताकडचा अडसर इतर गुणसूत्रांवरच्या तुकड्यांतूनही येऊ शकतो, म्हणून पहिल्या फेरीत दोन्ही बाजूंनी दहा-दहा फुलं लावून पाहा. चिकट ओळ मादी असताना फळ धरलं नाही तर टीवाय-२ ची ओळ मादी ठेवायची, काम तितकंच होतं. एकच लक्षात ठेवा, चिकट पानांच्या झाडांत काम करताना दर झाडानंतर चिमटा अल्कोहोलने पुसा. त्या डिंकात परागकण अडकतात आणि पुढच्या कुक्षीवर जातात.